सिंगापूरला जाताय? मग रात्रीचं टूरचं जेवण सोडा

शेजारचे काका-काकू पुढच्या महिन्यात सिंगापूरला निघालेत. काल जिन्यात भेटल्या तेव्हा काकूंचा पहिला प्रश्न होता, "तिथे आपलं जेवण मिळतं ना गं?" मिळतं की. सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासून डोसे घालतंय. पण तेवढ्यासाठी इतक्या लांब जाऊ नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. हातात भाजीची पिशवी होती, घाई होती, म्हणून जिन्यात सांगायचं राहिलं ते इथे लिहितेय.

पहिल्या खेपेला मी एका टूर कंपनीबरोबर गेले होते. पाच रात्री, आणि पाचही रात्री तीच लाल ग्रेव्हीतली पनीरची भाजी, पिवळी डाळ, जिरा राइस, गुलाबजाम. हॉटेलच्या समोरच रस्त्यापलीकडे एक हॉकर सेंटर होतं. रात्री उशिरापर्यंत माणसांनी भरलेलं. ते मी पाच दिवस बसच्या काचेतून बघितलं आणि परत आले. ती हळहळ मनात राहिली ती राहिलीच. गेल्या वर्षी आईला घेऊन आमचं आम्ही गेलो. आई ७४ वर्षांची, अंडंसुद्धा न खाणारी. तरी रोज एक वेळ हॉकर सेंटरमध्येच जेवायचं हे नक्की होतं.

हॉकर म्हणजे आपले हातगाडीवाले. सिंगापूर सरकारने १९६८-६९ मध्ये त्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना नळ, वीज, गटार आणि डोक्यावर छप्पर असलेल्या जागेत गाळे दिले. गाडीवाल्याला हुसकावून मोकळे झाले नाहीत, त्याला बसवला. आज अशी शंभरावर सेंटरं आहेत आणि २०२० मध्ये या खाद्यसंस्कृतीची युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. आपल्याकडे अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की टोपल्या उचलून पळणाऱ्या मावशी बघत मोठी झालेय मी. त्यामुळे तिथे पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा घशाशी काहीतरी आलं होतं.

मॅक्सवेल फूड सेंटरला जा. तिथला हैनानी चिकन राइस दिसायला अगदी साधा असतो. पांढरं उकडलेलं चिकन, काकडी, भात. पण भात चिकनच्याच पाण्यात, आलं-लसूण घालून शिजवलेला असतो, आणि खरी चव त्या भातातच असते. तिथल्या 'तिआन तिआन' या गाळ्यापुढची रांग मोठी असते, उभं राहावं. मी ताट घेऊन आले तर एका रिकाम्या टेबलावर टिश्यूचं छोटं पाकीट पडलं होतं. कुणीतरी विसरलं असेल म्हणून बाजूला सारून बसले. दोन मिनिटांत एक वयस्कर चिनी बाई सूपचा वाडगा घेऊन आल्या. पाकीट त्यांचं होतं. तिथे टिश्यू ठेवला की जागा धरली, आपण एसटीत रुमाल टाकतो तसं. त्याला 'चोप' म्हणतात. मी उठायला लागले तर त्यांनी हाताने बस म्हणून सांगितलं, समोरच बसल्या आणि लाल चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली. जेवण झाल्यावर ट्रे उचलून ठेवायचा हेही त्यांनीच दाखवलं. २०२१ पासून ते सक्तीचं आहे.

सकाळी काया टोस्ट. नारळ, अंडं, साखर आणि पानदान नावाच्या सुवासिक पानांचा जॅम, आणि ब्रेडच्या मध्ये गार लोण्याची जाड चकती. त्यासाठी 'या कुन' या दुकानाचं नाव १९४४ पासून आहे. पुण्यात कॅम्पातल्या इराण्याच्या बनमस्क्यावर वाढलेल्या माणसाला हे आवडणारच. कॉफी लांब मोज्यासारख्या कापडी गाळण्यातून गाळतात. नुसतं 'कोपी' म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्क येतं, 'कोपी ओ' म्हणजे बिनदुधाची पण साखरेची, आणि साखर नको असेल तर 'कोसोंग'.

सुलतान मशिदीसमोर १९०८ पासूनचं झमझम हॉटेल आहे. मुर्तबाक करणारा माणूस पिठाचा गोळा तेलकट ओट्यावर आपटत, हवेत फिरवत इतका पातळ करतो की खालचा ओटा दिसावा. मग मध्ये खिमा, कांदा, अंडं, चारही बाजूंनी घडी आणि तव्यावर. आईने अर्थातच खाल्लं नाही. पण ती उभी राहून चार मुर्तबाक होईपर्यंत बघत होती. तिचं माहेर खानदेशातलं. म्हणाली, "अगं, हा तर मांड्यांचा हात आहे."

आता शाकाहारी मंडळींसाठी, कारण काकूंचा खरा प्रश्न तोच. 'नो मीट' एवढं सांगून भागत नाही. साध्या पालेभाजीतसुद्धा सुक्या झिंग्याचं वाटण असू शकतं, त्याला बेलाचान म्हणतात. मासा, झिंगा, अंडं, एकेक नाव घेऊन विचारा. 'कॅरट केक' वाचून फसू नका, तो मुळ्याचा असतो आणि अंड्यात परततात. त्यापेक्षा सरळ वॉटरलू स्ट्रीट गाठा. तिथे कुआन इम देवीचं मोठं चिनी मंदिर आहे आणि शेजारीच श्रीकृष्ण मंदिर. चिनी बायका एकीकडे उदबत्ती लावून दुसरीकडे कृष्णापुढे हात जोडतात. आईने चपला काढल्या आणि काही न बोलता त्यांच्यातच जाऊन उभी राहिली. जवळच फॉर्च्यून सेंटर नावाची जुनी इमारत आहे, तिथे बौद्ध शाकाहारी दुकानं आहेत. टोफू, मशरूम, नूडल्स, आणि बहुतेक ठिकाणी कांदा-लसूणही नाही. "चातुर्मासातही चालेल गं हे," म्हणत आईने अख्खा वाडगा संपवला. टूरच्या पनीरपुढे तिने कधीच असं जेवण केलं नसतं.

शेवटची संध्याकाळ लाऊ पा सातमध्ये. १८९४ ची बिडाच्या खांबांची अष्टकोनी इमारत. संध्याकाळी बाजूचा बून टॅट स्ट्रीट वाहनांना बंद होतो, रस्त्यावर टेबलं मांडतात आणि कोळशावर साटे, म्हणजे काडीला लावलेले मांसाचे तुकडे, भाजायला लागतात. शेंगदाण्याच्या दाट, गोडसर-तिखट रश्शात बुडवून खायच्या त्या काड्या. मी दहा खाल्ल्या. आई लिंबू पिळलेला उसाचा रस घेऊन आत बसली होती. वर बघत, बोटाने कोपरे मोजत. आठ भरले तेव्हा म्हणाली, "मंडईच आहे की ही!" आपली पुण्याची मंडई १८८६ ची, तीही अष्टकोनी. मंडईपासून हाकेच्या अंतरावर संसार केलेल्या बाईच्या चेहऱ्यावर परक्या गावात इतकं ओळखीचं हसू मी पहिल्यांदा बघितलं.

काकू, पहिल्याच संध्याकाळी तिथे जा. यादी मोठ्या अक्षरांत लिहून उद्या आणून देते, आणि सोबत टिश्यूची दोन पाकिटंही.