‘लष्कराचा पैसा संसदेला न विचारता खर्च होतो’ हे खरं नाही

माजी सैनिकांच्या ग्रुपवर, राज्यसेवेची तयारी करणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर आणि आमच्या सोसायटीच्याही ग्रुपवर महिनाभर एकच मजकूर फिरतोय. थोडक्यात तो असा: अमेरिकेत संरक्षण खर्चाचं स्वतंत्र विधेयक असतं आणि ते मंजूर झालं की पैसा मिळतो, भारतात असं विधेयकच येत नाही, सरकार लष्कराचा पैसा संसदेला न विचारता खर्च करतं, राज्यसभेचा काही संबंध नाही, आणि सगळं गुप्त असल्यामुळे हिशेब कुणी तपासत नाही.

सोलापुरात चार हुतात्मा पुतळ्याजवळच्या अभ्यासिकेत बार्शीच्या एका मुलाने याची प्रिंट काढून वहीत चिकटवली होती. ‘विधेयकच येत नाही’ याखाली लाल पेनने दोन रेघा ओढलेल्या. परीक्षेत तो हेच लिहिणार होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, विधेयक येतं. फक्त त्यावर ‘संरक्षण’ असं नाव नसतं. 1 फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला की प्रत्येक मंत्रालयाच्या ‘अनुदानाच्या मागण्या’ लोकसभेसमोर येतात. संरक्षणाच्या चार असतात: मंत्रालयाचा नागरी खर्च, सैन्यदलांचा महसुली (पगार, देखभाल असा रोजचा) खर्च, भांडवली (शस्त्रं, विमानं अशा खरेदीचा) खर्च आणि निवृत्तिवेतन. 2025-26 च्या अर्थसंकल्पात त्यांचे क्रमांक 19 ते 22 होते आणि चौघींची मिळून रक्कम सुमारे 6 लाख 81 हजार कोटी रुपये. लोकसभा मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते, कमी करू शकते. वाढवू मात्र शकत नाही. मागण्या मंजूर झाल्या की सगळ्या मंत्रालयांचं मिळून एकच विनियोजन विधेयक, म्हणजे खर्चाला कायदेशीर परवानगी देणारं विधेयक येतं, आणि त्याचा कायदा झाल्याशिवाय संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, एक रुपयाही काढता येत नाही. राज्यघटनेच्या 114 व्या अनुच्छेदात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. अर्थसंकल्पाला उशीर होणार असेल, तर मधल्या महिन्यांपुरतं लेखानुदानही लोकसभेकडूनच घ्यावं लागतं.

अमेरिकेचं उदाहरणही अर्धवट आहे. तिथलं जे संरक्षण विधेयक दरवर्षी बातम्यांत गाजतं, त्याने कार्यक्रमांना आणि रकमेच्या मर्यादेला परवानगी मिळते. प्रत्यक्ष पैसा देणारं विधेयक वेगळं असतं आणि ते वेगळ्या समितीतून येतं. 1 ऑक्टोबरला त्यांचं आर्थिक वर्ष सुरू होतं, तोवर ते पुष्कळदा मंजूर झालेलं नसतं. मग जुन्याच दराने तात्पुरता खर्च चालू ठेवण्याचा ठराव करावा लागतो.

आता ‘न विचारता’ या शब्दाकडे येतो, कारण सोलापूरच्या माणसाने तरी तो सहज पुढे पाठवू नये. न विचारता लष्कराचा खर्च या देशात खरोखर होत होता. ब्रिटिशांच्या 1919 च्या कायद्याप्रमाणे संरक्षणाचा खर्च केंद्रीय विधिमंडळात मतदानाला ठेवलाच जात नसे. गव्हर्नर जनरलने परवानगी दिल्याशिवाय त्यावर चर्चासुद्धा करता येत नव्हती. मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि शहरात फौज आली, ती याच व्यवस्थेत. त्या फौजेच्या एका दिवसाच्या खर्चावर दिल्लीतल्या एकाही निवडून आलेल्या सदस्याला मत देता येत नव्हतं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. अभ्यासिकेच्या खिडकीतून त्यांचे पुतळे दिसतात. आज संरक्षणाच्या मागण्या मतदानाला येतात, ही गोष्ट आपल्या गावाला किरकोळ वाटता कामा नये.

राज्यसभेबद्दलचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. मागण्यांवर फक्त लोकसभा मतदान करते. विनियोजन विधेयक हे धन विधेयक, म्हणजे फक्त सरकारी पैशाशी संबंधित विधेयक असतं. राज्यसभा ते 14 दिवसांत शिफारशींसह किंवा शिफारशींशिवाय परत पाठवते, आणि त्या शिफारशी मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. राष्ट्रपतींनाही धन विधेयक फेरविचारासाठी परत पाठवता येत नाही. पण संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या 31 सदस्यांत 10 जण राज्यसभेचे असतात, आणि अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत मागण्यांची खरी चिरफाड तिथेच होते.

ती कशी होते, याचं एक उदाहरण देतो. 2018 मध्ये खासदार आणि निवृत्त मेजर जनरल बी. सी. खंडुरी समितीचे अध्यक्ष होते. लष्कराचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी समितीसमोर सांगितलं की आधुनिकीकरणासाठी 21,338 कोटी मिळालेत, आणि आधीच करार झालेल्या 125 योजनांचे हप्तेच 29,033 कोटींचे आहेत. लष्कराची 68 टक्के सामग्री जुनाट आहे, हेही त्यांनीच सांगितलं. हे सगळं समितीच्या छापील अहवालात आहे.

आणि इथेच त्या मजकुराने विचारायला हवा होता तो प्रश्न राहून गेला. त्याच मार्च महिन्यात लोकसभेत गोंधळ चालू होता आणि सर्व मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना एकदम मतदानाला टाकल्या गेल्या. याला गिलोटिन म्हणतात. 2023 मध्येही तसंच झालं. उपप्रमुखांनी एवढं स्पष्ट सांगितल्यावर सभागृहात त्यावर तासभरही चर्चा होऊ नये, याचा मला मनापासून राग आहे. पण मतदान झालं आणि चर्चा झाली नाही, हे एक. मतदानच होत नाही, हे वेगळं. दुसरं सांगत बसलो, तर पहिल्याचा जाब विचारायचा राहून जातो.

हिशेबाचं थोडक्यात सांगतो. सैन्यदलांच्या खर्चाचं लेखापरीक्षण कॅग (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) करतं आणि अहवाल संसदेत ठेवतं. 2017 च्या अहवालात दारूगोळ्याच्या 152 प्रकारांपैकी 61 प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरणारा नाही, असं छापलं होतं. पुढे हे अहवाल तपासणारी संसदेची लोकलेखा समिती अधिकाऱ्यांना बोलावू शकते, आणि 1967 पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. काही तपशील झाकले जातात, हे खरं. राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीवरच्या अहवालात किमती झाकल्या होत्या. कोणतं विमान घ्यायचं यावरही खासदार मतदान करत नाहीत, ते मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीत ठरतं. संसद रकमेला मंजुरी देते.

आमच्या शेजारचे सुभेदार काका, मूळ मोहोळ तालुक्यातले, महिनाअखेरीला किराणा दुकानाच्या पायरीवर बसून मोबाइलवर पेन्शन जमा झाली का बघतात. तो मजकूर मला त्यांनीच पहिल्यांदा पाठवला होता. मी म्हटलं, “काका, तुमची पेन्शन मागणी क्रमांक 22 मध्ये आहे. 1 लाख 60 हजार कोटींच्या वर.”

“मग त्याच्यावर बोलतं का कोण तिथं?”

“कुठल्या मंत्रालयाच्या मागण्या चर्चेला घ्यायच्या, हे कार्यमंत्रणा समितीत ठरतं. बऱ्याच वर्षी संरक्षणाचा नंबर लागत नाही.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग दुकानदाराकडून वहीचं एक पान मागून घेतलं आणि म्हणाले, “खासदारांना लिहितो. चर्चेला घ्या म्हणून. आकडे सांगा, एकोणीस ते बावीस ना?”