पायताणाची राखण

गेल्या रविवारी आमच्या गल्लीतल्या तालमीने माझा सत्कार केला, आणि शाल, श्रीफळ व फेटा अशा थाटात मी सभागृहाबाहेर आलो, तेव्हा माझी चप्पल जागेवर नव्हती. संग्रहालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्लंडमधल्या एका कलासंग्रहालयात मी अकरा आठवड्यांची इंटर्नशिप करून परतलो होतो, त्याबद्दल हा सत्कार होता. 'वस्तूंची निगा आणि सुरक्षितता' या विषयावर मी नुकताच वीस मिनिटे बोललो होतो. ते भाषण कोणी तरी अजिबात ऐकले नसावे, किंवा फारच मनापासून ऐकले असावे. डोक्याला फेटा आणि पाय अनवाणी अशा अवस्थेत कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून घरी जाताना वाटेत दोघांनी मला नवस कुठला म्हणून विचारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल लाइनला, म्हणजे आमच्याकडच्या चपलांच्या दुकानांच्या ओळीत, गेलो. दुकानात एक म्हातारे गृहस्थ एका पायातले पायताण दुरुस्तीला देऊन, दुसरा पाय पहिल्यावर टेकवून स्टुलावर बसले होते. दुकानदार त्यांना आबा म्हणत होता. मी फळीवरची एक चप्पल उचलली, आणि गेल्या अकरा आठवड्यांची सवय म्हणून ती पट्ट्याला न धरता दोन्ही तळव्यांवर खालून आधार देऊन उचलली.

"का रं," आबा म्हणाले, "बाळंतिणीचं पोर घेतल्यागत धरलाईस ते?"

येथे मी 'सहज' म्हणून गप्प बसायला हवे होते. परंतु परदेशाहून परतलेल्या माणसाला कोणी निमित्त दिले की त्याच्याने गप्प राहवत नाही. मी सांगितले की, मी जिथे होतो तिथल्या भांडारात आपल्याकडच्या चपलांचा एक जुना जोड आहे, तो माझ्याकडे सोपवला होता, आणि अशा वस्तू अशाच धरायच्या असतात.

आबांनी खाली टेकलेला पाय वर घेतला. "म्हंजे तू साता समुद्रापार जाऊन पायताण राखत हुतास?"

या वाक्यात चुकीचे असे काहीच नव्हते, आणि हेच मला झोंबले.

तो जोड एका खोक्यात, आम्लमुक्त टिशू कागदाच्या घड्यांत ठेवलेला होता. जुन्या कार्डावर पश्चिम भारतातील सँडल एवढाच मजकूर होता. निळे नायट्रिलचे हातमोजे घालून मी त्याची इंच इंच तपासणी केली, अंगठ्याची उसवलेली शिवण आणि डाव्या टाचेची झिजलेली बाहेरची कड भिंगातून पाहून नोंदवली, छायाचित्रे काढली, आणि सुती फितीने त्याला क्रमांकाची चिठ्ठी बांधली. रंगवलेल्या कातड्यावर ढोबळ मानाने ५० लक्सपेक्षा अधिक उजेड पडू देत नाहीत, त्यामुळे हे सारे पाहताना माझे डोळे जात होते, पण चप्पल सुरक्षित होती. पहिल्याच दिवशी मी अभिमानाने पायांत कोल्हापुरी घालून गेलो, तेव्हा बोटे उघडी राहतील अशी पादत्राणे भांडारात चालत नाहीत, असे मला अतिशय गोड शब्दांत सांगण्यात आले. म्हणजे कोल्हापुरीला आत प्रवेश होता, फक्त कपाटात होता, पायांत नव्हता. त्या संध्याकाळी बूट विकत घेण्यात माझे आठवड्याच्या जेवणाचे पैसे गेले, हे मी अजून विसरलेलो नाही.

"तेल किती दिसांनी घालत्यात तिला?" आबांनी विचारले.

मी म्हणालो, घालत नाहीत. पूर्वी संग्रहालयांतसुद्धा कातड्याला तेल लावीत, परंतु कालांतराने ते तेल बिघडते, कातडे चिकट आणि काळपट होते, वर धूळ चिकटते, म्हणून आता ती पद्धत सोडून दिली आहे. हे मी सावकाश, वर्गात सांगावे तसे सांगितले. आबांचा चेहरा उपाशी ठेवलेल्या जनावराबद्दल ऐकावे तसा झाला.

"शंभर वरीस तेल न्हाई?" ते दुकानदाराकडे वळले. "ऐकलंस का रं? शंभर वरीस कोरडी ठेवलीया." दुकानदाराने आरी थांबवून मान हलवली. दुखवट्याला हलवतात तशी.

"आणि वाजती का?"

मला प्रश्न कळला नाही. आबांनी समजावले की, तळात विंचू, म्हणजे आवाज करणारे एक बी, बसवलेला असला तर चालताना ती करकर वाजली पाहिजे, नाही तर माणूस आला हे सुनेला कळणार कसे. अडीच पानांच्या माझ्या अहवालात शिवणीचे टाके मोजलेले होते, पण चप्पल वाजते का हा रकानाच नव्हता. ती वाजवून पाहायची म्हणजे कोणी तरी ती घालून चालायला हवे, आणि त्या इमारतीत तसे बोलून दाखवले असते तरी माझा पास काढून घेतला असता. प्रश्न मात्र अगदी बरोबर होता आणि तो मला एकदाही सुचला नव्हता, याचा मला अजून राग आहे.

आबांचे समाधान झाले नव्हते. "कोल्हापूरची हाय असं लिवलंस न्हवं तिथं?"

खरी दुखरी जागा ही होती. मी लिहायला गेलो होतो. परंतु माझ्या वरिष्ठ बाईंनी पुरावा मागितला, आणि 'माझ्या आजोबांच्या पायांत मी हीच पाहिली आहे' हा पुरावा नोंदपत्रकात बसत नव्हता. त्यात कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जे भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे, हे मीच प्रामाणिकपणाच्या भरात बाईंना सांगून बसलो. परिणामी कार्डावर 'बहुधा कोल्हापूर' असे लिहिले गेले.

"बहुधा?" आबा उठून उभे राहिले, एका पायात पायताण आणि दुसरा पाय फरशीवर. "बहुधा म्हंजे काय? तुझ्या बाऽचं नाव कुणी इचारलं तर बहुधा म्हणून सांगतोस व्हय?"

दुकानदाराने लगेच मिलानचा विषय काढला. २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या एका फॅशन शोमध्ये आपलीच चप्पल आपले नाव न घेता मिरवली गेली, तेव्हापासून त्या दुकानात कोणताही विषय पाच मिनिटांत मिलानला पोहोचतो. आबांनी त्याला हाताने गप्प केले. त्यांना माझ्याशी निकाल लावायचा होता.

वातावरण निवळावे म्हणून मी सांगितले की, त्या बाईंना कोल्हापूर ठाऊक होते. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडन या समुद्रदेवाची काशाची मूर्ती सापडली, ती इथे टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे, याविषयी त्यांनी माझ्याकडे उत्सुकतेने चौकशी केली होती. मी ती शाळेच्या सहलीत पाहिली होती, आणि त्या दिवसातले मला फक्त बाहेर खाल्लेले तिखटमीठ लावलेले पेरू आठवत होते, हा भाग मात्र मी आबांना सांगितला नाही. बाईंनाही सांगितला नव्हता.

आबा जरा वेळ विचार करीत राहिले. "म्हंजे त्येंचा द्येव आपल्याकडं, आणि आपलं पायताण त्येंच्याकडं," ते म्हणाले. "फिट्टंफाट. आपल्याला द्येव मिळाला, आपण फायद्यात हाय."

संग्रहालयांतल्या परस्पर देवाणघेवाणीवर मी दोन जाडजूड निबंध लिहिले आहेत. त्यांत हे वाक्य नाही.

"पगार किती देत हुते?" आबांनी शेवटी विचारलेच.

"नव्हता."

"मग ऱ्हायचं, खायचं?"

"आपले आपण."

"इमानाचं तिकीट?"

ते वडिलांनी मुदतठेव मोडून काढले होते. मी तसे सांगितले. आबांनी दुकानदाराकडे पाहिले, दुकानदाराने आरीकडे पाहिले, आणि बराच वेळ कोणी बोलले नाही. विनावेतन काम करण्याची संधी मिळावी म्हणून मी तीन पत्रे, दोन शिफारशी आणि एक ऑनलाइन मुलाखत दिली होती, हे सांगायचे मी टाळले. परंतु त्या शांततेत मला ते प्रथमच नीट ऐकू आले, आणि मजेशीर वाटले नाही.

"मग त्यो सत्कार कशाचा क्येला?" आबा म्हणाले. त्यांना माझी बातमी आधीपासूनच होती.

चप्पल मी पूर्ण किमतीला घेतली. घासाघीस करण्याइतका माझा तोरा शिल्लक राहिला नव्हता. चार पावलांतच ती अंगठ्याला चावू लागली. रात्री एरंडेल लावून ठेव, असे आबांनी मागून ओरडून बजावले, आणि मी, ज्याने अकरा आठवडे तेलाविरुद्ध नोंदी केल्या, त्याने रात्री बोटाने दोन्ही तळ आणि पट्टे चोळून काढले. मग दारात ठेवायचा धीर होईना, म्हणून वर्तमानपत्र पसरून जोड पलंगाशेजारी ठेवला.

आई दिवा मालवायला आली आणि उंबऱ्यातच थबकली. "अरे, पायताण घरात आणि उशाशी?"

बाहेरच्या खोलीतून वडिलांचा आवाज आला. "ऱ्हाऊ दे. तेच शिकून आलाय त्यो."