‘टायटल क्लिअर आहे, डोळे झाकून घ्या’

सांगली-मिरजेत घर विकत घेऊ पाहणाऱ्या सद्गृहस्थांसाठी आणि गृहिणींसाठी काही अनुभवसिद्ध सूचना येथे देत आहे. त्या पाळल्यास व्यवहार लवकर उरकतो, कोणाचे मन दुखावत नाही आणि वास्तुशांतीचा मुहूर्तही टळत नाही.

सर्वप्रथम, मालकाकडे मूळ कागदपत्रे मागू नयेत. मिळकत पत्रिका किंवा जुने खरेदीखत मागितले, की ‘तीन पिढ्या इथंच राहतोय आम्ही, पळून चाललोय काय?’ असा प्रश्न येतो. हा प्रश्न अगदी रास्त आहे. मालक कोठेही पळून जाणार नाही. उद्या दावा लागलाच तर न्यायालयाच्या व्हरांड्यात तो आपल्या शेजारच्याच बाकावर बसलेला असेल.

विसार आधी द्यावा आणि सर्च, म्हणजे वकिलाकरवी मिळकतीच्या जुन्या व्यवहारांचा शोध, मागाहून काढावा. उलट केल्यास एजंटाचा रक्तदाब वाढतो.

दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदला गेला म्हणजे सरकारनेच मालकी तपासली, असे मानून निर्धास्त व्हावे. त्या कार्यालयात दस्त करून देणारी माणसे तीच आहेत का, मुद्रांक शुल्क पुरेसे भरले आहे का, एवढेच प्रामुख्याने पाहिले जाते आणि विकणाऱ्याच्या मालकीची हमी नोंदणीने मिळत नाही, हा तपशील मुद्रांक शुल्क भरून झाल्यावर कळला तरी चालतो.

आता सर्च रिपोर्टविषयी. हा अहवाल वाचू नये. तो फाइलला लावण्यासाठी असतो, वाचण्यासाठी नव्हे. विश्रामबाग भागातील एका बैठ्या घराचा असा अहवाल नुकताच माझ्या हाती आला आणि तो मी वाचला. अशा अहवालासाठी वकिलाने तीस वर्षांचे व्यवहार पाहावेत, असा रिवाज आहे. सूची क्रमांक दोनच्या, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सरकारी यादीतल्या, नोंदी मुंबईबाहेर २००२ पासून संगणकावर शोधता येतात. त्यामागची वर्षे पाहायची तर कार्यालयात जाऊन जुनी रजिस्टरे उघडावी लागतात, त्यांची पाने हाताने उलटावी लागतात आणि हाताला धूळ लागते. माझ्या हातातल्या अहवालाला धूळ लागल्याचे कोठेही दिसत नव्हते. त्यातील निम्म्याहून अधिक मजकूर म्हणजे मीच नेऊन दिलेल्या झेरॉक्सचे सविस्तर वर्णन होते. चतुःसीमेत पूर्वेला ‘जिना व लिफ्ट’ असल्याचे नमूद होते. घर बैठे आहे. जिना म्हणाल तर गच्चीवर जाणारा लोखंडी आहे आणि तोही पश्चिमेला. शेवटच्या पानावर असे वाक्य होते, की फाटलेली, गहाळ झालेली व बांधणीसाठी गेलेली रजिस्टरे आणि संगणकीय नोंदींतील त्रुटी वगळता सदर मिळकत निर्वेध व बोजारहित असल्याचे आमचे मत आहे. कोणत्या वर्षाचे पान फाटले, कोणते रजिस्टर बांधणीला गेले, ते कधी परत येणार, याविषयी एक अक्षर नाही. जे पान फाटले आहे त्याच पानावर गहाणखत असेल तर? त्याची जबाबदारी त्या वाक्याने आधीच झटकून टाकली आहे.

हे कमी म्हणून की काय, अहवालात ‘वारसनोंद रीतसर झालेली आहे’ असे विधान होते. मी तो जुना फेरफार, म्हणजे महसूल दप्तरातली नावे बदलल्याची नोंद, काढून वाचला. आताच्या मालकाने ज्या दोन भावांकडून प्लॉट घेतला, त्यांच्या वडिलांच्या पश्चात दोन मुलगे आणि तीन मुली अशी पाच नावे लागली होती. त्यापुढच्याच फेरफारात, तिन्ही बहिणींनी राजीखुशीने हक्क सोडत असल्याचा जबाब दिल्यावरून त्यांची नावे कमी केली, अशी दोन ओळींची नोंद होती. नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा दस्त क्रमांक नाही, तारीख नाही. कारण तसे हक्कसोडपत्र झालेलेच नाही. स्थावर मिळकतीतील हक्क सोडायचा तर १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे दस्त नोंदवावा लागतो. तलाठ्यापुढच्या जबाबाने सातबाऱ्यावरचे नाव जाते, हक्क जात नाही. वडिलांच्या मिळकतीत मुलगी वारस आहे, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातच आहे. वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलासारखाच जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीने दिला, आणि त्यासाठी त्या वर्षी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. हे सगळे मी वकीलसाहेबांपुढे मांडले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘अहो, बहिणी कशाला येतायत भांडायला? दर भाऊबीजेला येऊन जेवून जातात की!’

भाऊबीजेचे जेवण हा हक्कसोडीचा पुरावा असल्याचे कोणत्या कलमात लिहिले आहे, ते विचारायचे राहून गेले.

जाहीर नोटीस अशा वृत्तपत्रात द्यावी, जे हरकत घेऊ शकणाऱ्या कोणाच्याही घरी येत नाही.

गुंठेवारीतील, म्हणजे परवानगीविना तुकडे पाडून विकलेला, प्लॉट असेल तर नियमितीकरणाचे प्रमाणपत्र मागून वातावरण बिघडवू नये. २००१ मध्ये कायदा आला, पुढे मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना तो लागू झाला. तरीही ‘होऊन जाईल रेग्युलर’ हे उत्तर मात्र तेव्हाचे तेच आहे.

पूररेषेची चौकशी करणे तर अशुभच. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ आहे. घर दाखवणाऱ्या माणसाला मात्र ते नेमके आठवत नाही. भिंतींना नवा रंग दिलेला असतो. फक्त विजेच्या मीटरच्या पेटीमागे रंगाऱ्याचा ब्रश पोहोचत नाही आणि तेथे गाळाची तपकिरी रेघ तशीच राहते. पूररेषा दोन असतात: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. यांतले काहीही सर्च रिपोर्टमध्ये नसते, कारण ते कोणी विचारलेलेच नसते.

‘बँकेने कर्ज मंजूर केले, म्हणजे कागद चोख असणार’ हे सर्वांत लाडके समाधान. वकील बँकेच्या पॅनेलवरचा, फी आपल्या खिशातली आणि अहवालाची प्रत मागितली तर ‘तो आमचा अंतर्गत कागद आहे’ असे ऐकावे लागते. घरावर दावा लागला तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. तो आपल्या पगारातून जातच राहतो. मग चोख कोणासाठी?

आणि आपण खरेदीदार तरी काय करतो? फरशीचा रंग ठरवायला तीन दुकाने पालथी घालतो, स्वयंपाकघराची दिशा पाहायला वास्तुतज्ज्ञ आणतो, आणि जन्माची कमाई ज्या कागदांवर ओतायची ते उघडून पाहायचा कंटाळा करतो. फेरफार वाचायला वकील लागत नाही, मराठी वाचता आले की पुरते. तुम्ही वाचत नाही हे त्यांना ठाऊक आहे, म्हणूनच दुसऱ्या कुणाच्या फ्लॅटची लिफ्ट तुमच्या बैठ्या घराला लावून अहवाल दिला जातो.

वकीलसाहेबांनाही सरळच सांगतो. फी घेतली आहे, तर रजिस्टर उघडा. पान फाटलेले असेल तर कोणत्या वर्षाचे ते लिहा. पाहिले नसेल तर पाहिले नाही असे लिहा. आणि बहिणी भांडायला येणार नाहीत हे आपले कायदेशीर मत असेल, तर तेही लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी द्या.