हक्कांना देव लागतोच का?

देव मानत नसाल तर माणसाला हक्क आहेत हे कशाच्या जोरावर म्हणता, असं श्रद्धाळू लोक विचारतात तेव्हा बरेच जण तो प्रश्न उडवून लावतात. मला ते पटत नाही, प्रश्न खरंच अवघड आहे. हक्क म्हणजे सरकारने दिलेली सवलत असेल तर सरकार ती उद्या काढून घेईल, मग तक्रार कुठल्या तोंडाने करायची? बहुमताने ठरतात म्हणावं तर बहुमताने गुलामगिरीला हो म्हटलं की ती बरोबर ठरते का? न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी आरोपी हेच सांगत होते की आम्ही वरचे हुकूम पाळले, पण तो बचाव टिकला नाही, कारण देशाचा कायदा काहीही म्हणो काही गोष्टी गुन्हाच असतात हे धरूनच तो खटला उभा होता.

म्हणून 'सत्य वगैरे काही नसतं, ज्याचं त्याचं मत' हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. छळ वाईट हे फक्त माझं मत असेल तर छळणाऱ्याचंही एक मत आहेच की, मग उरतो तो फक्त ताकदीचा फरक. हक्कांना सत्याचा आधार लागतो, इथपर्यंत मी श्रद्धाळूंच्या सोबत आहे. तिथून ते थेट देवावर जातात, तिथे मी थांबते.

प्लेटोने सॉक्रेटिसच्या तोंडी घातलेला प्रश्न अजून तसाच उभा आहे, देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? पहिलं असेल तर उद्या देवाने क्रूरपणा सांगितला तर तोही चांगला म्हणावा लागेल, आणि दुसरं असेल तर चांगुलपणा आपल्या पायावर उभाच आहे. देवाचा स्वभावच चांगुलपणा आहे असं उत्तर देतात, पण तो स्वभाव चांगला हे आपण ठरवतो कशावरून?

आणि हक्क श्रद्धेला बांधले की पहिला बळी न मानणाऱ्याचा जातो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक सहिष्णुतेचा एवढा मोठा कैवारी, पण सहिष्णुतेवरच्या १६८९ च्या पत्रात त्यानेच लिहिलं की देव नाकारणाऱ्यांना सहन करू नये, त्यांच्या शपथेला अर्थ नसतो. १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात हक्क निर्मात्याने दिलेत असं स्पष्ट म्हटलंय, आणि तो लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून ठेवली. उलट बाजूही खरी आहे, १९६३ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिताना मार्टिन ल्यूथर किंगनी अन्याय्य कायद्याची कसोटी ईश्वरी नियमातच शोधली, आणि त्यांना तिथून बळ मिळालं याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण बळ कुठून मिळतं ही एक गोष्ट, हक्क खरा कशाने ठरतो ही दुसरी.

मग ते सत्य असतं कुठे? मला ते समोरच्या माणसातच दिसतं. त्याला दुखतं, त्याला भीती वाटते, त्याचंही आयुष्य त्याला माझ्याइतकंच प्यारं आहे, हे माझ्या मताने बदलत नाही. माझं दुखणं मोजायचं आणि त्याचं नाही, याला मला एकही कारण देता येत नाही, कुणालाच येत नाही, आणि ज्याला कारण देता येत नाही ते त्याच्यावर लादायचं कसं?

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या पहिल्या कलमात देवाचा उल्लेख असावा असा आग्रह होता, चीनच्या पी. सी. चँग यांनी विरोध केला, उल्लेख आला नाही, आणि जाहीरनामा ४८ मतांनी, एकही विरोधी मत न पडता मंजूर झाला, ८ देश तटस्थ राहिले. पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १९४९ ला, आपल्या संविधान सभेत एच. व्ही. कामतांनी उद्देशिका देवाच्या नावाने सुरू करायची दुरुस्ती मांडली. सभेतल्याच पट्टम थाणू पिल्लै यांचं म्हणणं होतं की ही श्रद्धेची सक्ती होईल, देव मानायचा की नाही हा ज्याचा त्याचा हक्क आहे. मतदान झालं आणि ४१ विरुद्ध ६८ ने दुरुस्ती पडली. देव मानणाऱ्या कुणाचं त्यात काहीच गेलं नाही, ती मंजूर झाली असती तर न मानणाऱ्याचं मात्र गेलं असतं.