निदान मॅगझिन तरी बदला!

अतिरेक्यांवरचा सिनेमा काढता आणि एके-४७मध्ये गोळ्या किती मावतात तेवढंही बघत नाही? इंटरव्हलनंतर त्या गोदामात हिरो जो गोळीबार करत सुटतो, तो थांबतच नाही. मॅगझिनमध्ये, म्हणजे बंदुकीला खालून लावायच्या गोळ्यांच्या डब्यात, ३० गोळ्या. मिनिटाला सुमारे ६००चा वेग, म्हणजे ट्रिगर दाबून धरला की ३ सेकंदांत सगळं रिकामं. हा दोन मिनिटं बरसतोय! मॅगझिन बदलायला काय पैसे पडतात? रिकामं काढायचं, भरलेल्याचं पुढचं टोक आधी खाचेत अडकवायचं, मग मागे ओढून खटका बसवायचा, गोळी नळीत चढवायला बोल्ट खेचायचा. नटाला एका दुपारी शिकवता येतं. आणि खरा थरार त्या चार सेकंदांतच असतो, समोरचा उठतोय आणि याची बंदूक रिकामी!

नळीतला जाळ तर शेगडीसारखा अखंड पेटलेला. अहो, सेकंदाला २४ फ्रेम आणि १० गोळ्या. दर दोन-तीन फ्रेमनंतर एका फ्रेमपुरता जाळ दिसायला हवा आणि त्याचा उजेड तोंडावर, भिंतीवर पडायला हवा. शूटिंगच्या वेळी शेजारी एक एलईडी लुकलुकवला असता तरी भागलं असतं. इथे जाळ पिवळाधमक आणि चेहरा काळोखात. खांद्याला धक्का नाही, बाहेर उडणारी एक पुंगळी नाही.

अतिरेकी लपलेत निळ्या प्लास्टिकच्या पिंपांमागे. रायफलची गोळी त्यातून आरपार जाते! गाडीचा दरवाजासुद्धा ती अडवत नाही, लपायचं तर इंजिनाच्या आड. ग्रेनेड फुटला की पेट्रोल पंप पेटल्यासारखा लोळ. खरा ग्रेनेड कपच्यांनी मारतो, दिसते ती धूळ आणि करडा धूर. आणि काश्मीरच्या जंगलात सागाची पानं! ठाणेकराला शेजारच्या येऊरच्या जंगलातला साग ओळखता येणार नाही असं वाटलं का?

बजेट नव्हतं हे कारण मुळीच सांगू नका. क्लबातल्या गाण्याला पन्नास नाचणारे आणले, तेव्हा होतं ना बजेट?

पण डोकं फिरलं ते त्या हवालदारामुळे. आडनाव मराठी, पोट सुटलेलं, अतिरेकी दिसताच टेबलाखाली. दर सिनेमात हेच. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात नुसती लाठी असताना कसाबची रायफल धरली. अंगात गोळ्या घुसल्या तरी सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. २००९मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. हे ठाऊक नसलेला माणूस मुंबईत सिनेमा काढतो? ठाण्याच्या पोलीस वसाहतीतली पोरंसुद्धा हा सिनेमा बघणार आहेत. त्यांच्यासमोर तो हवालदार टेबलाखाली शिरतो आणि लोकांनी हसावं म्हणून मागे ‘टॉईंग’ असा आवाज टाकलाय.