‘उपाशी ठेवा, आपोआप खाईल’ : असं होत नाही

आमच्या फोंड्यातल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो: ‘मुलांचे जेवणाचे नखरे हे लाडांचं फळ. ताट संपल्याशिवाय उठू देऊ नका. संपवलं तर गोड द्या, नाहीतर उपाशी ठेवा.’ यातलं जवळपास सगळं चुकीचं आहे.

लाडांचं फळ? साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात अनोळखी पदार्थ नाकारणं हा वाढीचाच भाग असतो. ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या ‘जेमिनी’ अभ्यासात, सोळा महिन्यांच्या मुलांच्या नखऱ्यांतल्या फरकामागे ४६ टक्के वाटा आनुवंशिकतेचा आढळला. एकाच हातचं हुमण एक पोर ओरपतं, दुसरं तोंड फिरवतं. शिवाय पहिल्या वर्षात वजन जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. भूक कमी होणारच. त्यासाठी आईला बोल लावणं बंद करा.

ताट संपवायची सक्ती तर उलटतेच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात लहान मुलांना एक सूप आग्रह करून दिलं, दुसरं काही न बोलता. आग्रहाचं त्यांनी कमी खाल्लं आणि नावंही जास्त ठेवली. तांबड्या भाजीचं पाणी भाताला लागून भात गुलाबी झाला की माझा भाचा हात आखडतो. तीच भाजी वाटीत वेगळी दिली की वास घेतो, बोट बुडवून चाटतो. एवढंही पुष्कळ आहे! नवी चव अंगवळणी पडायला कधी दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. आपण तिसऱ्याच वेळी ‘ह्याला आवडत नाही’ म्हणून मोकळे होतो.

गोडाच्या आमिषाने खीर आणखी हवीशी होते आणि भाजी आणखी नकोशी.

राहिली उपासमार. जेवणाला भूक हवी, हे खरं. पण संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजला की आपणच हातात गरम पाव देतो, वर पेलाभर दूध. आठ वाजता भूक कुठून येणार? मधलं खाणं ठरल्या वेळी द्या, जेवणाआधी दीड-दोन तास फक्त पाणी. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची वाटणी मला पटते: काय, कधी, कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. ताटात त्याच्या ओळखीचा वरणभात असू द्या. नाही खाल्लं तर वेगळं रांधू नका, रागावूही नका.

काही मुलं मात्र उपाशी ठेवली तर खरोखरच उपाशी राहतात. वजन वाढत नसेल, घास अडकत असेल, किंवा चालणारे मोजके पदार्थही एकेक करून सुटत असतील, तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा.