डेथ व्हॅलीतली ती पिवळी फुलं सोनकी नाहीत

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा एक फोटो व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरायला लागलाय. वाळूत लांबवर पसरलेली पिवळी फुलं, आणि खाली मजकूर: ‘कासची सोनकी अमेरिकेच्या वाळवंटात! शंभर वर्षांतून एकदाच फुलते. एक सर पडली की आठवड्यात वाळवंट पिवळं. तिकडे असाल तर मूठभर बी आणा, आपल्या माळरानावर टाका.’ यातलं एकही विधान टिकत नाही, आणि शेवटचा सल्ला तर धोक्याचा आहे.

आधी ओळख, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. हे फूल ‘डेझर्ट गोल्ड’, शास्त्रीय नाव गेरेआ कॅनेसेन्स. मोहावी आणि सोनोरा या वाळवंटांचं मूळ रहिवासी, एका हंगामात जगून संपणारं. सोनकी म्हणजे सेनेसिओ बॉम्बेयेन्सिस, सह्याद्रीच्या पावसात वाढणारी. दोघींचं कुळ सूर्यफुलाचं आणि दोघी वर्षायू, म्हणून वरून पाहिलं की फसायला होतं. पण या कुळात फुलाचा पिवळा रंग जवळजवळ काहीच सांगत नाही. फूल न तोडता हलकेच कलतं करून पाठ बघा. सोनकीच्या पाठीवरची हिरवी छदं, म्हणजे फुलाला खालून धरणारी बारीक पानं, एका ओळीत, सारख्या उंचीची असतात. डेझर्ट गोल्डची दोन-तीन ओळींत, आणि प्रत्येकाच्या कडेला लांब पांढऱ्या केसांची झालर. उन्हाच्या दिशेने पाहिलं तर ती चमकते. फूल सुकलं असेल तर बी बघा: चपटं, काळं, पांढऱ्या केसाळ काठाचं, वर दोन टोकं. सेनेसिओच्या बीसारखा वाऱ्यावर उडणारा मऊ झुबका त्याला नसतो.

तिथल्या तिथेही गल्लत होते. ब्रिटलबुश असंच पिवळं, पण ते झुडूप आहे. खोड लाकडी, पानं रुपेरी, आणि फुलं पानांच्या वर लांब देठांवर. डेझर्ट डँडेलियनला मधली चकतीच नसते, देठ मोडला तर चीक येतो. डेझर्ट मॅरिगोल्डचं अंग पांढरट लोकरी असतं, त्याच्या पाकळ्या सुकल्यावरही कागदासारख्या चिकटून राहतात. फिरणाऱ्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही. झाडाचं बूड, पान आणि फुलाची पाठ, एवढं टिपलं असतं तर नावावरून वाद उरला नसता.

‘शंभर वर्षांतून एकदा’ हे तर साफ चूक. डेथ व्हॅलीत मोठा बहर 1998, 2005 आणि 2016 मध्ये आला. एरवीही बऱ्या पावसाच्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल ही झाडं तुरळक फुलतात, विशेषतः डांबरावरून वाहून आलेलं पाणी जिथे मुरतं त्या रस्त्याच्या कडांना.

आठवड्यात फुलण्याचंही तसंच. वर्षाला सरासरी 50 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या दरीत एक हलकी सर बियांना जागं करत नाही. वाळवंटातल्या बऱ्याच वर्षायू झाडांच्या बियांत अंकुर रोखणारी द्रव्यं असतात. ती धुऊन निघायला चांगला भिजपाऊस लागतो, साधारण 12-13 मिलिमीटर तरी. मग हिवाळाभर रोप जमिनीलगत पानांचा चक्राकार झुपका धरून बसतं, मुळं खाली सोडतं. पुढच्या सरी अंतराने आल्या, ऊन आणि कोरडा वारा आवाक्यात राहिला, तरच फूल. 2016 च्या बहराचा पाऊस ऑक्टोबर 2015 मध्ये पडला होता. मध्ये महिने गेले, आठवडा नव्हे.

आता बी आणण्याबद्दल. कृपा करून हे करू नका. डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यान आहे, तिथलं फूल किंवा बी उचलणं कायद्याने मना आहे. भारतात परदेशी बी आणायला परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. आपल्या माळरानांनी अमेरिका खंडातून आलेलं याच कुळातलं एक झाड आधीच भोगलंय: गाजरगवत. 1950 च्या दशकात पुण्यात दिसलं, आज बांधाबांधावर आहे. डेझर्ट गोल्ड इथे तसं माजेलच असं मी म्हणत नाही, पण तो प्रयोग आपल्या गवताळ माळांवर, तिथल्या धाविक आणि माळढोक या पक्ष्यांच्या घरात, कशासाठी करायचा?

आणि तिकडे त्या बियांना काम आहे. पुढचा चांगला पाऊस येईपर्यंत त्या वाळूतच पडून राहायला हव्यात. कॅलिफोर्नियातल्याच अँझा-बोरेगोच्या वाळवंटात स्फिंक्स पतंगाच्या अळ्या याच झाडांवर जगतात, आणि वसंतात अर्जेंटिनाकडून उत्तरेला निघालेले स्वेन्सन्स हॉक हे शिकारी पक्षी त्या अळ्यांवर पोट भरून पुढे जातात.